बाळाची हाक दुकानापर्यंत
एकाहून अधिक खोल्यांच्या घरासाठी बेबी मॉनिटर घेताना काय पाहावे?

खाली दुकान आणि वर घर ही आपल्याकडील पेठांची जुनी रीत आहे. सांगलीची गणपती पेठ घ्या किंवा साताऱ्याच्या मोती चौकालगतच्या गल्ल्या घ्या, गल्ल्यावर बसलेल्या माणसाचे एक मन नेहमी वरच्या मजल्यावर असते. पूर्वी वर माणसे भरपूर असत. दादी असे, चाची असे, न्हाणीघरातून हाक मारली तरी बाळाजवळ कोणीतरी पोहोचत असे. आई चुलीपाशी बसून पाळण्याची लांब दोरी ओढत स्वयंपाक उरकत असे. आता घरे लहान झाली, माणसे कमी झाली आणि अनेक घरांत बाळाची आईदेखील दुकानाचा हिशेब, शिलाई, शिकवणी किंवा नोकरी सांभाळते. त्यामुळे ‘बेबी मॉनिटर’ नावाची वस्तू आता सातारा-सांगलीच्या घरांतही विचारली जाऊ लागली आहे.

बेबी मॉनिटर म्हणजे बाळाच्या खोलीतील आवाज, किंवा आवाजासह चित्र, दुसऱ्या खोलीत पोहोचविणारी जोडी होय. त्यातील एक यंत्र बाळापाशी राहते, दुसरे आपल्यापाशी. कल्पना नवी नाही. अमेरिकेतील झेनिथ कंपनीने १९३७ साली ‘रेडिओ नर्स’ या नावाने असे यंत्र तयार केले. १९३२ साली तेथे विमानवीर लिंडबर्ग यांच्या तान्ह्या मुलाचे अपहरण झाले होते आणि त्याची धास्ती सधन घरांत बसली होती. प्रसिद्ध शिल्पकार इसामू नोगुची यांनी त्या यंत्राची बेकेलाइटची पेटी घडविली होती. आवाज घरातल्याच विजेच्या तारांतून एका खोलीतून दुसरीकडे जात असे. म्हणजे पहिल्या दिवसापासून या वस्तूचे नशीब दोन गोष्टींशी बांधलेले आहे: घराची रचना आणि घराची वीज. दुकानात खोके हातात घेणारा ग्राहक नेमक्या याच दोन गोष्टी विचारत नाही. तो पडदा किती इंचाचा आणि अंगाईगीते किती, हे विचारतो.

एका दुपारची गोष्ट

हा विषय लिहावासा वाटण्याचे कारण घरचेच आहे. माझी धाकटी बहीण सांगलीत राहते. तळमजल्यावर स्टेशनरीचे दुकान, पहिल्या मजल्यावर स्वयंपाकघर आणि बैठकीची खोली, दुसऱ्या मजल्यावर झोपण्याच्या खोल्या. बाळ अकरा महिन्यांचे, नुकतेच रांगू लागलेले. शाळा सुरू होण्याआधीचा मे महिना म्हणजे त्यांच्या धंद्याचा हंगाम. बहीण दुपारी दोन तास गल्ल्यावर बसत असे. त्यासाठी एक कॅमेरा आणि एक पडदा असा संच मागविला होता. कॅमेरा दुसऱ्या मजल्यावर, पडदा गल्ल्यावर.

त्या दुपारी वीज गेली. दुकानाला इन्व्हर्टर होता, त्यामुळे दुकानातील पंखा फिरतच राहिला आणि वीज गेल्याचे कोणाच्या लक्षात आले नाही. वरच्या मजल्याची लाइन इन्व्हर्टरवर नव्हती. कॅमेऱ्यात बॅटरी नव्हती, तो बंद पडला. पडद्यात बॅटरी होती, त्याचा हिरवा दिवा लागलेलाच होता. संपर्क तुटल्यावर वाजणारी शिट्टी गिऱ्हाइकांना त्रास नको म्हणून कधीतरी बारीक केली होती. पंखा थांबल्यावर बाळ उकाड्याने जागे झाले, गादीवरून उतरले आणि रांगत जिन्याच्या तोंडाशी आले. बहिणीच्या सासूबाई पहिल्या मजल्यावर जोहरची नमाज अदा करून उठल्या आणि त्यांची नजर वर गेली. बाळ पहिल्या पायरीवर हात टेकून खाली पाहत होते. त्यांनी धावत जाऊन उचलले. काही झाले नाही.

बहीण मला नंतर म्हणाली, “भाई, आवाज येत नव्हता, म्हणून मला वाटलं तो झोपलाय.”

या वस्तूसंबंधी जाणून घेण्यासारखी मुख्य गोष्ट या एका वाक्यात आहे. यंत्र गप्प असते तेव्हा त्याचे दोन अर्थ असू शकतात. बाळ शांत झोपले आहे, किंवा यंत्र बंद पडले आहे. जे यंत्र या दोहोंतला फरक मोठ्याने सांगत नाही, ते घरात नसलेले बरे. नसले तर माणूस निदान अधूनमधून उठून पाहून तरी येतो.

भिंती कशाच्या आहेत?

खोक्यावर ‘३०० मीटर’ असे ठळक छापलेले असते. हे अंतर उघड्या मैदानातले, मध्ये काहीही आडवे नसतानाचे असते. चांगल्या कंपन्या माहितीपत्रकात घरातील अंतर वेगळे देतात आणि ते साधारणपणे ५० मीटरच्या आसपास असते. तेही परदेशातील घरे डोळ्यांसमोर ठेवून. तेथील अनेक घरांच्या आतील भिंती लाकडी चौकटीवर पातळ फळ्या मारून केलेल्या असतात. आपल्या भिंतींची गोष्ट वेगळी आहे.

साताऱ्याच्या जुन्या पेठांतील घरांना काळ्या दगडाच्या आणि मातीच्या जाड भिंती आहेत. सोपा, माजघर, स्वयंपाकघर आणि परसू अशा खोल्या एकामागे एक. आमच्या मामांचे घर असेच आहे. तेथे सोप्यातील बाळाचा आवाज रस्त्यापलीकडे ऐकू येई, पण चाळीस फुटांवरच्या स्वयंपाकघरात यंत्र खरखरू लागे. कारण सरळ आहे. रस्त्याच्या बाजूला एक दरवाजा आणि एक खिडकी होती, स्वयंपाकघराच्या बाजूला दोन जाड भिंती होत्या. बाळाकडील यंत्र कोनाड्यातून काढून दरवाजाच्या रेषेत ठेवल्यावर खरखर थांबली. रेडिओच्या लहरी दगडातून कष्टाने जातात, उघड्या दारातून सहज जातात.

सांगलीकडील नव्या घरांत भिंती विटांच्या आणि पातळ असतात, पण मजले सिमेंटच्या स्लॅबचे. स्लॅबमध्ये लोखंडी सळयांची जाळी असते आणि लोखंड लहरी अडविते. म्हणून एकाच मजल्यावर चार खोल्या ओलांडून जाणारे यंत्र दोन स्लॅब ओलांडताना थकते. तळमजल्याचे दुकान आणि दुसऱ्या मजल्याची खोली यांच्यामधले सरळ अंतर वीस-पंचवीस फूट भरेल, पण ते मैदानातील वीस-पंचवीस फूट नव्हेत. अशा घरात जिना कामी येतो. बाळाकडील यंत्र जिन्याकडच्या दाराजवळ आणि आपल्याकडील यंत्र खाली जिन्याच्या बाजूला ठेवल्यास लहरींना वाट मिळते.

लोखंडी कपाट, मोठा आरसा, पाण्याने भरलेली टाकी आणि पत्र्याचे छत हेदेखील अडथळेच आहेत. यंत्र कपाटावर ठेवणे वेगळे आणि कपाटामागे ठेवणे वेगळे. मायक्रोवेव्ह ओव्हन चालू असताना २.४ गिगाहर्ट्झवर चालणाऱ्या यंत्रांना अडथळा येतो, कारण ओव्हनही त्याच पट्ट्यात काम करतो.

कोणत्या जातीचे यंत्र?

बाजारात मुख्यतः तीन प्रकार दिसतात.

पहिला प्रकार केवळ आवाजाचा. जुन्या पद्धतीची ॲनालॉग यंत्रे साध्या रेडिओसारखी असत. शेजारच्या घरात तशाच पट्ट्यावरचे यंत्र असेल तर त्यांचे बोलणे आपल्याला आणि आपले त्यांना ऐकू येई. नव्या डिजिटल यंत्रांत हा दोष जवळजवळ राहिलेला नाही. चित्र नसल्याने बॅटरी जास्त टिकते आणि यंत्र खिशात मावते. ज्या घरात आवाज ऐकल्यावर कोणीतरी उठून जाणारच आहे, तेथे एवढे पुरते.

दुसरा प्रकार कॅमेरा आणि त्याचा स्वतःचा पडदा. यातील बहुतेक २.४ गिगाहर्ट्झवर चालतात. हा पट्टा आपल्या देशात कमी शक्तीच्या यंत्रांसाठी जानेवारी २००५ पासून परवानामुक्त आहे. याला इंटरनेट लागत नाही. कॅमेरा आणि पडदा थेट एकमेकांशी बोलतात. घरातील वायफाय बंद पडले तरी याला फरक पडत नाही.

तिसरा प्रकार वायफाय कॅमेरा, ज्याचे चित्र मोबाईलवर दिसते. हा सर्वांत स्वस्त पडतो, कारण पडदा आपल्याच खिशातला असतो. शिवाय चित्र घराबाहेरूनही दिसते. विटा, खानापूर, आटपाडी भागातील गलाई व्यावसायिक सोने-चांदी शुद्ध करण्याच्या धंद्यासाठी देशभर पसरलेले आहेत. आखाती देशांत नोकरीला गेलेलेही आपल्यात कमी नाहीत. अशा बापाला रात्री आपले मूल झोपलेले पाहता येणे ही लहान गोष्ट नव्हे. परंतु बाळाची राखण आणि बापाचे समाधान या दोन वेगळ्या गरजा आहेत. वायफाय कॅमेऱ्याचा आवाज काही सेकंद उशिरा पोहोचतो. मोबाईलवर दुसरा फोन आला की ऐकणे थांबते. फोन ‘सायलेंट’वर असेल तर सूचना वाजत नाही. राउटरची वीज गेली की सारेच बंद. कॅमेऱ्याचे चित्र कंपनीच्या दूरच्या संगणकामार्फत फिरत असेल, तर कंपनीने सेवा थांबविल्यावर कॅमेरा शोभेची वस्तू होतो. म्हणून वायफाय कॅमेरा घ्यायचाच असेल तर राउटर आणि कॅमेरा दोन्ही इन्व्हर्टरवर घ्यावेत. राउटरसाठी बारा व्होल्टचे लहान यूपीएस बाजारात मिळतात, तेही चालतात.

आणखी एक साधा उपाय अनेक घरे करतात. दोन मोबाईल घेऊन एकावरून दुसऱ्याला फोन लावायचा आणि एक बाळाजवळ ठेवून द्यायचा. नड भागते. मात्र संपर्क मध्येच तुटला तर कळत नाही, म्हणजे दोष पुन्हा तोच.

दोन खोल्या, एक पडदा

एकाहून अधिक खोल्यांचा प्रश्न दोन तऱ्हांनी येतो. काही घरांत मुले दोन असतात, एक वर आणि एक खाली. काही घरांत मूल एकच, पण त्याची जागा बदलते. सकाळी बैठकीच्या खोलीत दादीजवळ, दुपारी वरच्या खोलीत, संध्याकाळी पुढच्या गॅलरीत. दुसऱ्या तऱ्हेच्या घरात लोक एकच यंत्र उचलून फिरवितात आणि एखाद्या दिवशी ते न्यायला विसरतात. बहिणीच्या घरी हेही दोनदा झाले होते. जागा ठरलेल्या असतील तर प्रत्येक जागी स्वतंत्र कॅमेरा बरा.

खोक्यावर ‘चार कॅमेऱ्यांपर्यंत जोडता येतात’ असे लिहिलेले असते. येथे ग्राहकाने थांबून तीन प्रश्न विचारावेत.

पहिला प्रश्न: दोन्ही खोल्यांचा आवाज एकाच वेळी ऐकू येतो काय? अनेक संचांत पडदा पाळीपाळीने एकेका कॅमेऱ्याकडे वळतो. काही सेकंद पहिली खोली, मग काही सेकंद दुसरी. ज्या खोलीचे चित्र दिसते तिचाच आवाज येतो. म्हणजे पडद्यावर वरची खोली असताना खालचे मूल रडले तर पाळी येईपर्यंत ते ऐकू येणार नाही. काही संचांत पडद्याचे दोन भाग होऊन दोन्ही चित्रे दिसतात, तरी आवाज एकाच खोलीचा असतो. बरे संच असे असतात की, ज्या खोलीत आवाज झाला तिकडे पडदा आपोआप वळतो. दोन मुलांच्या घराने तसाच संच घ्यावा. तसा न मिळाल्यास आवाजाची दोन स्वतंत्र जोडयंत्रे घेतलेली चांगली.

दुसरा प्रश्न: आपल्याकडील यंत्रे किती जोडता येतात? कॅमेरे चार आणि पडदा मात्र एकच, असे पुष्कळदा असते. तो पडदा गल्ल्यावर राहिला तर वर स्वयंपाकघरात असलेल्या माणसाला काहीच कळत नाही. बाळाजवळ प्रत्यक्ष धावत जाणारा माणूस जो असेल, त्याच्याजवळ यंत्र असले पाहिजे. बहिणीच्या घरात ते गल्ल्यावर होते आणि बाळ मात्र दोन मजले वर होते. पहिल्या मजल्यावरील सासूबाई सहा पायऱ्यांत पोहोचू शकत होत्या, पण त्यांच्याजवळ यंत्र नव्हते. त्यांना कमी ऐकू येते म्हणून त्यांना दिले नव्हते. वस्तुतः आवाजाबरोबर दिवे चढत जाणारी किंवा थरथरणारी यंत्रे मिळतात. कमी ऐकू येणाऱ्या वडीलधाऱ्यांसाठी ती मुद्दाम मागवावीत.

तिसरा प्रश्न: जादा कॅमेरा सुटा मिळतो काय? तो बहुधा त्याच कंपनीचा आणि त्याच मॉडेलचा लागतो. दीड-दोन वर्षांनी दुसरे मूल झाल्यावर ते मॉडेल बाजारात असेलच असे नाही. दुसऱ्या कॅमेऱ्याची गरज दिसत असेल तर तो पहिल्या खरेदीतच घ्यावा.

वीज गेल्यावर काय?

आपल्याकडे हा प्रश्न सर्वांत आधी विचारावा. आपल्याकडील यंत्रात बॅटरी असतेच, कारण ते हातात घेऊन फिरायचे असते. बाळाकडील यंत्र मात्र पुष्कळदा केवळ भिंतीतल्या प्लगवर चालते. तेव्हा ‘बॅटरी आहे काय?’ असे विचारू नये. दुकानदार ‘आहे’ म्हणेल आणि ते खरेही असेल. ‘बाळाकडील यंत्रात बॅटरी आहे काय?’ असे विचारावे. नसल्यास ती खोली इन्व्हर्टरवर आहे की नाही, हे घरी पाहावे.

पावसाळ्यात साताऱ्याच्या डोंगराळ भागात झाडे पडून तारा तुटतात. सांगलीने २००५, २०१९ आणि २०२१ साली कृष्णेचे महापूर पाहिले आहेत. पाणी शिरलेल्या भागात सुरक्षिततेसाठी वीज बंदच ठेवावी लागते. अशा दिवसांत कोणतेही यंत्र उपयोगाचे नाही, बाळ माणसाच्या हाताशी असावे. रोजच्या तास-दोन तासांच्या खंडासाठी मात्र तयारी हवी.

बॅटरीचे तासही जपून वाचावेत. खोक्यावर दिलेले तास नव्या बॅटरीचे असतात, आणि पडदा बंद ठेवून केवळ आवाज ऐकण्याचे असतात. वर्षभरात ते घटतात. बॅटरी ग्राहकाला स्वतः बदलता येते की यंत्र कंपनीकडे पाठवावे लागते, हे विचारून घ्यावे.

परदेशातून आलेली भेट

दुबई, रियाध किंवा अमेरिकेहून येणारे नातेवाईक अशी यंत्रे भेट आणतात. प्रेमाने आणलेली वस्तू परत करता येत नाही, पण लावण्यापूर्वी ॲडॅप्टरवरील बारीक अक्षरे वाचावीत. ‘१०० ते २४० व्होल्ट’ असे असेल तर ते आपल्या २३० व्होल्टवर चालेल. अमेरिकेतील काही ॲडॅप्टर केवळ ११०-१२० व्होल्टचे असतात, ते लावताच जळतात. दुबईचा प्लग तीन चौकोनी पायांचा असतो, त्याला पक्का जोड घ्यावा. सैल जोडातून ठिणग्या उडतात आणि यंत्र गरम होते. काही परदेशी यंत्रे ज्या रेडिओ पट्ट्यावर चालतात तो आपल्याकडे खुला असतोच असे नाही. म्हणून २.४ गिगाहर्ट्झचे यंत्र मागविणे सुरक्षित. येथे घेतलेल्या ॲडॅप्टरवर भारतीय मानक ब्यूरोचे चिन्ह आणि ‘आर’ अक्षराने सुरू होणारा नोंदणी क्रमांक पाहावा.

वायर, झोळी आणि झोप

आता सर्वांत महत्त्वाची सावधगिरी. अमेरिकेत फेब्रुवारी २०११ मध्ये एका कंपनीला सुमारे १७ लाख व्हिडिओ मॉनिटर परत बोलवावे लागले. पाळण्याजवळ लोंबणारी वायर गळ्याभोवती आवळून दोन तान्ह्या मुलांचा मृत्यू झाला होता. यंत्र बिघडलेले नव्हते, ते चुकीच्या जागी होते. तेथील ग्राहक सुरक्षा आयोगाचा नियम असा की, वायर बाळाच्या पाळण्यापासून किमान तीन फूट दूर असावी. आपल्याकडे तुळईला साडीची झोळी बांधतात आणि झोळी झुलते. तेव्हा झोळी जेवढी झुलेल त्याच्यापुढे तीन फूट मोजावेत. वायर भिंतीला पट्टीने बसवावी. कॅमेरा पाळण्याच्या कठड्याला कधीही बांधू नये.

दुसरे असे की, मॉनिटर हे राखणीचे साधन आहे, औषधोपचाराचे नव्हे. बाळाचा श्वास किंवा नाडी मोजते असे सांगणारी यंत्रे आता विकली जातात. झोपेत होणारे आकस्मिक मृत्यू टाळण्यासाठी घरगुती यंत्रांवर विसंबू नये, असे अमेरिकन अकॅडमी ऑफ पेडिॲट्रिक्स या बालरोगतज्ज्ञांच्या संस्थेने २०२२ च्या आपल्या शिफारशींत पुन्हा सांगितले. बाळाला पाठीवर, कठीण आणि सपाट बिछान्यावर झोपवावे आणि निदान पहिले सहा महिने ते आईवडिलांच्याच खोलीत असावे, असा त्यांचा सल्ला आहे. आपल्या घरांत बाळ आईजवळच्याच खोलीत झोपते, त्यामुळे रात्रीसाठी या यंत्राची गरज आपल्याला फारशी नाही. आपली गरज दिवसाची आहे: दुकान, स्वयंपाक, गच्चीवरील धुणे. खरेदी त्या हिशेबाने करावी. अपुऱ्या दिवसांचे किंवा आजारी बाळ असेल तर यंत्राविषयी दुकानदाराला नव्हे, डॉक्टरांना विचारावे.

घराची अदब

कॅमेरा ज्या खोलीत लागतो ती आईची खोली असते. तेथे ती बाळाला दूध पाजते, कपडे बदलते, दुपारी आडवी होते. सूरह नूरमध्ये फजरपूर्वी, दुपारच्या विश्रांतीच्या वेळी आणि इशानंतर अशा तीन वेळांना घरातल्यांनीही परवानगी घेऊन आत यावे, अशी शिकवण आहे. कॅमेरा परवानगी विचारत नाही, म्हणून ती काळजी आपण घ्यावी. कॅमेऱ्याचे तोंड फक्त बिछान्याकडे असावे. दूध पाजताना तो बंद करावा. गल्ल्यावर पडदा ठेवायचा असेल तर तो गिऱ्हाइकाच्या नजरेस पडू नये. दुकानात बसणाऱ्यांना केवळ आवाजाचे यंत्र द्यावे, हे सर्वांत सोपे.

वायफाय कॅमेऱ्याबाबत धोका घराबाहेरचाही आहे. ऑक्टोबर २०१६ मध्ये ‘मिराई’ नावाच्या संगणकी विषाणूने लाखो कॅमेरे आणि राउटर ताब्यात घेऊन मोठ्या संकेतस्थळांची सेवा कोलमडून टाकली. त्यांतील बहुतेकांवर कारखान्यातून आलेला पासवर्ड तसाच ठेवलेला होता. म्हणून यंत्र लावताच पहिले काम पासवर्ड बदलण्याचे. केंद्र सरकारने सीसीटीव्ही कॅमेऱ्यांसाठी एप्रिल २०२५ पासून सुरक्षा चाचणीचे नियम लागू केले आहेत. बिननावाचा स्वस्त कॅमेरा घेण्यापूर्वी हे लक्षात असावे. यंत्र दुरुस्तीला देताना त्यातील मेमरी कार्ड काढून घ्यावे.

घरी आणल्यावर चार चाचण्या

परत देण्याची मुदत संपण्यापूर्वी पुढील चाचण्या कराव्यात. एक तास पुरतो.

१) पाळण्यात बारीक आवाजात रेडिओ लावून ठेवा. दारे रोज जशी असतात तशी ठेवा. आपल्याकडील यंत्र घेऊन स्वयंपाकघर, न्हाणीघर, गच्ची आणि दुकानाचा गल्ला येथे दोन-दोन मिनिटे उभे राहा. ही चाचणी संध्याकाळी करा, कारण तेव्हा शेजारपाजारची वायफाय यंत्रे चालू असतात. पंखा आणि मिक्सरही चालू ठेवा.

२) बाळाकडील यंत्राचा प्लग काढा. आपल्याकडील यंत्राने किती सेकंदांत इशारा दिला ते घड्याळात पाहा. इशारा मिळालाच नाही, किंवा गल्ल्यावरच्या गोंगाटात ऐकू आला नाही, तर यंत्र परत करा.

३) यंत्र घेऊन रस्त्याने दूर चालत जा. संपर्क तुटताच शिट्टी वाजते काय, हे पाहा.

४) दोन कॅमेरे असतील तर पडद्यावर एक खोली ठेवा आणि दुसऱ्या खोलीत कोणाला तरी टाळ्या वाजवायला सांगा. ऐकू येतात काय?

संपर्क तुटल्याची शिट्टी कधीही बारीक करू नये. गिऱ्हाईक दोन क्षण दचकले तरी हरकत नाही.

व्यापारी बांधवांसाठी

इलेक्ट्रॉनिक वस्तू विकणाऱ्या आपल्या बांधवांना या मालात धंदा आहे, पण तो खोके हातात देऊन होणारा नाही. ऑनलाइन बाजाराशी भावात टक्कर देणे कठीण. परंतु ऑनलाइन विक्रेता घरी येऊन भिंत पाहत नाही. जो दुकानदार एक नमुना संच ग्राहकाला दोन दिवस घरी वापरायला देईल, दोन मजल्यांच्या घराला कोणता चालेल ते प्रामाणिकपणे सांगेल आणि बॅटरी बदलून देईल, त्याच्याकडे लोक येतील. या वस्तूचे आयुष्य घरात दीड-दोन वर्षांचे असते, मग ती माळ्यावर जाते. तपासून, बॅटरी बदलून वापरलेले संच विकणे किंवा भाड्याने देणे हाही विचार करण्यासारखा धंदा आहे. मूल मोठे झाल्यावर तेच यंत्र अंथरुणावर असलेल्या वडीलधाऱ्यांच्या खोलीत कामाला येते, हेही ग्राहकाला सांगावे. उणीव लपवून विकलेला माल नफा देतो आणि बरकत नेतो, हे आपल्याला वेगळे सांगायला नको.

ग्राहकाने पक्की पावती घ्यावी. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार, वस्तू दूरच्या शहरातून किंवा ऑनलाइन घेतलेली असली तरी तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात करता येते. म्हणजे सातारकराला साताऱ्यात आणि सांगलीकराला सांगलीत. मुदत दोन वर्षांची आहे आणि पाच लाख रुपयांपर्यंतच्या वस्तूसाठी तक्रारीला फी नाही. त्याआधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन करून पाहावा. पुष्कळ तक्रारी तेथेच मिटतात.

बहिणीच्या घरी आता काय आहे, असे वाचक विचारतील. दोन मजल्यांवर दोन यंत्रे आहेत, दोन्हींत बॅटरी आहे. एक ऐकण्याचे यंत्र सासूबाईंच्या कमरेला असते. ते थरथरणारे आहे आणि त्या त्याला ‘माझं घड्याळ’ म्हणतात. दुसरे गल्ल्यावर आहे, आणि त्याची शिट्टी मोठी ठेवली आहे. मात्र हे सारे येण्यापूर्वी, त्या दुपारीच, मेहुण्यांनी सुताराला बोलावून जिन्याच्या तोंडाशी कडीचे लाकडी फाटक बसवून घेतले. ते फाटक संचाच्या किमतीच्या मानाने फारच स्वस्त पडले. ज्या घरात रांगते मूल आणि जिना दोन्ही आहेत, त्यांनी खरेदीची सुरुवात त्या फाटकापासून करावी.